कार्ड पाकिटात, नाव शिरपूरच्या यादीत

प्रश्न: माझं माहेर शिरपूर तालुक्यात, सासर धरणगाव तालुक्यातल्या खेड्यात. लग्नाला चार वर्षं झाली. मतदान कार्ड माहेरचं आहे, माहेरच्याच नावाचं. मागच्या ग्रामपंचायतीला आधार आणि कार्ड दोन्ही घेऊन शाळेवर गेले, तर यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं. मग कॉम्प्युटरवाल्याकडून नवीन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरला. त्याचं काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा भरला, तर रिजेक्ट. मालक सुरतला लूमवर आहेत, त्यांचं नाव गावात आहे आणि तिकडेही कुणीतरी लावून दिलंय. सासूबाईंचं नाव आधी होतं. त्या थोरल्या दिरासोबत ऊसतोडीला गेल्या, घराला कुलूप होतं, त्यानंतर नाव गायब झालं. धाकटा दीर 9 ऑगस्टला अठरा पूर्ण करेल. घरात चार माणसं आणि चौघांचीही भानगड. आते काय करानं?
— एक भगिनी, धरणगाव तालुका

उत्तर: ताई, केंद्रावरच्या माणसाने तुम्हाला परत पाठवलं ते नियमाला धरून होतं. तरीही तुमचा हक्क कुठे गेलेला नाही. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं. मत देता येईल की नाही आणि कुठे, ते यादी सांगते. कार्ड घरी राहिलं तरी आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, यातलं काहीही विधानसभा-लोकसभेला दाखवता येतं. (रेशन कार्ड त्यात बसत नाही. घरोघर वाटतात ती मतदार चिठ्ठीही 2019 पासून ओळखपत्र म्हणून धरत नाहीत.) पण यादीत नाव नसलं, तर ही सगळी कागदं टेबलावर पसरून ठेवली तरी उपयोग नाही.

दर निवडणुकीला मोबाइलवर एक मेसेज फिरतो, की यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि ‘चॅलेंज व्होट’ मागा. तो साफ खोटा आहे. यादीत नाव असलेल्या माणसाच्या ओळखीवर एखाद्या उमेदवाराच्या एजंटाने हरकत घेतली, तर त्याला आक्षेपित मत म्हणतात. त्यासाठी हरकत घेणाऱ्यालाच 2 रुपये भरावे लागतात. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल, तर तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं. दोन्हीसाठी नाव यादीत असावंच लागतं.

आता तुमची भानगड कुठे झाली ते पाहू. मतदान कार्डावर तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा दहा खुणांचा क्रमांक असतो. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तो टाकून नाव शोधा. मोबाइल जमत नसेल तर 1950 वर फोन करा. नाव शिरपूर मतदारसंघात निघेल अशीच दाट शक्यता आहे, कारण लग्न झालं म्हणून नाव आपोआप सासरी येत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलात तरी तुमचं नाव तिथल्या शाळेच्या यादीत वडिलांच्या नावासह बसलेलं सापडेल.

नाव असं दुसरीकडे जिवंत असताना तुम्ही भरलात तो नमुना 6. हा फॉर्म पहिल्यांदाच मतदार होणाऱ्याचा. त्याच्या शेवटी प्रतिज्ञा असते, की मी पहिल्यांदाच अर्ज करत आहे आणि माझं नाव इतर कुठल्याही मतदारसंघात नाही. कॉम्प्युटरवाल्याने तुमच्या वतीने त्यावर टिक केली. खोटी माहिती लिहून देणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या कलम 31 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तुमच्यावर कुणी खटला भरायला बसलेलं नाही, घाबरू नका. पण तिसऱ्यांदा तोच फॉर्म भरू नका. आयोगाची संगणक प्रणाली जुळणारी नावं आणि जुळणारे फोटोही शोधून काढते. समजा तिच्या नजरेतून सुटून नाव लागलंच, तर तुमची अवस्था मालकांसारखी, दोन गावांत दोन नावं.

तुमचं काम नमुना 8 चं. पत्ता बदलणं, नोंदीतली दुरुस्ती, हरवलेलं-फाटलेलं कार्ड बदलून घेणं आणि दिव्यांग अशी नोंद करणं ही चार कामं 2022 पासून याच एका फॉर्मवर होतात. एका अर्जात एकच काम घ्या. तुमची कामं दोन, म्हणून अर्जही दोन, आणि पत्त्याचा आधी. स्थलांतराचा पर्याय निवडला की ‘मतदारसंघाच्या आत’ की ‘बाहेर’ असं विचारतात. तुम्ही ‘बाहेर’ घ्या, कारण शिरपूर हा धुळे जिल्ह्यातला वेगळा मतदारसंघ आहे. हा अर्ज मंजूर झाला की नाव इकडे येतं आणि तिकडची नोंद काढायची सूचना शिरपूरला यंत्रणेतूनच जाते. माहेरी जाऊन नाव कापून आणायची गरज नाही. कार्डाचा क्रमांकही तोच राहतो.

बहुतेकांचा फॉर्म अडकतो तो मतदारसंघाच्या रकान्यात. धरणगाव नावाचा विधानसभा मतदारसंघच नाही. तुमचा तालुका जळगाव ग्रामीणमध्ये येतो, क्रमांक 14. पोर्टलवर त्याच्या अगदी वर क्रमांक 13, जळगाव शहर. घाईत बोट एक ओळ वर पडलं की अर्ज शहराच्या कार्यालयात जाऊन बसतो, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला तुमचं गाव सापडत नाही. खान्देशात हा घोळ जागोजाग आहे. बोदवडवाल्याने मुक्ताईनगर शोधायचं, तळोद्याच्या माणसाने शहादा, धडगाववाल्याने अक्कलकुवा. (राज्याचा मतदारसंघ क्रमांक 1 अक्कलकुवाच. महाराष्ट्राची मोजणी आपल्याकडून सुरू होते.) तुमचे आधीचे दोन अर्ज कुठे गेले होते, तेही अर्जाच्या संदर्भ क्रमांकावरून पाहून घ्या. पहिला अजून प्रलंबित दिसत असेल, तर नवा अर्ज टाकण्याआधी तो निकाली काढायला तहसीलमधल्या निवडणूक शाखेला सांगा.

संदर्भ क्रमांक तुमच्याकडे नसेल, हा दुसरा नेहमीचा घोटाळा. कॉम्प्युटरवाला स्वतःच्या मोबाइल नंबरने लॉगिन करतो आणि फॉर्मातही तोच नंबर टाकतो. मग ओटीपी त्याला, मेसेज त्याला, ‘कागद अपुरे, सुनावणीला या’ हेही त्यालाच. तुमच्यासारखे शंभर जण त्याच्या एका नंबरवर लटकलेले असतात. फॉर्म त्याच्याकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण नंबर घरातल्या माणसाचा द्या आणि पोचपावतीचा फोटो काढूनच उठा. आणि हा अर्ज सरकारकडे फुकट आहे. त्याला देता ते पैसे त्याच्या टायपिंगचे.

टायपिंगवरून आठवलं, नाव इंग्रजीत टाकलं की शेजारच्या मराठी रकान्यात ते आपोआप उमटतं आणि बरेचदा चुकीचं उमटतं. इंग्रजीला आपला ‘ळ’ कळत नाही. बाळूचा बालू होतो, निळकंठचा निलकंठ, पाटीलची वेलांटी ऱ्हस्व होते. तो मराठी रकाना हाताने दुरुस्त करता येतो, पण कुणी तिकडे पाहतच नाही. सबमिट करायच्या आधी पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि स्वतःचं नाव अक्षर-अक्षर वाचा. उच्चारात बसणारी एखादी किरकोळ चूक असेल तर ओळख पटल्यावर मत देऊ देतात. आडनावच बदललं असेल तर मात्र केंद्रावर वाद होतो.

पत्त्याच्या पुराव्याला सासरच्या पत्त्याचं आधार पुरेल. नसेल तर चालू पासबुक, घराचं वर्षभरापासून सुरू असलेलं वीजबिल किंवा जमिनीचा महसुली उतारा, जे असेल ते. पोर्टलवर कुटुंबातल्या आधीच्या मतदाराचा कार्ड क्रमांक मागितला, तर तिथे मालकांचा गावातला क्रमांक टाका (तो का टिकवायचा ते पुढे येतंच आहे). तो रकाना रिकामा सोडला की नाव वेगळ्या यादी-भागात जाऊ शकतं. नवरा जिल्हा परिषद शाळेच्या खोली एकमध्ये आणि बायको गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, हे होतं ते यामुळेही.

दुसरा अर्ज, नाव बदलाचा, पहिला मंजूर झाल्याचं पोर्टलवर दिसल्यावरच टाका. त्यात नाव आणि नात्याचा रकाना दोन्ही बदला, वडिलांच्या जागी पती. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला की शंका उरत नाही. गावात लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होते, केली नसेल तर आता करून घ्या, पुढे दहा ठिकाणी लागेल. आणि माहेरचंच नाव ठेवायचं असेल, तर तसं ठेवून मत देता येतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. फक्त आधार आणि यादी यांत एकच नाव असलं, की कटकट वाचते.

मालकांचं. एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही, 1950 च्याच कायद्याचं कलम 17. मत एकदाच देतो हे उत्तर तिथे चालत नाही, दोन नोंदी असणंच नियमबाह्य आहे. सुरतेत उधना-लिंबायतकडे राहणाऱ्या आपल्या हजारो लोकांचं असंच झालेलं असतं. तिकडे कुणी उत्साहाने नाव लावतं, इकडचं कापायचं राहून जातं. कुठलं ठेवायचं हे त्यांनी ठरवायचं. कायदा ‘सर्वसाधारण रहिवासी’ कुठे ते बघतो. गावात घर किंवा शेत नावावर आहे एवढ्यावरून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. उलट, कामासाठी तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून गावचं रहिवासीपण जातही नाही. मालक खोली भाड्याने घेऊन वर्षाचे अकरा महिने तिकडेच असते आणि तुम्हालाही घेऊन जाणार असते, तर सुरतची नोंद ठेवणं सरळ होतं. पण बिऱ्हाड इथे आहे, पेरणी-वेचणीला ते येतात, म्हणून गावची नोंद ठेवायला बळकट आधार आहे. हेही लक्षात घ्या, की ग्रामपंचायतीला मत द्यायचं किंवा स्वतः उभं राहायचं तर नाव गावच्याच यादीत लागतं.

गाव ठेवायचं ठरलं तर सुरतच्या नोंदीचा क्रमांक घेऊन नमुना 7 भरायचा, स्वतःचं नाव वगळण्यासाठी, आणि तो तिकडच्या मतदारसंघाच्या अधिकाऱ्याकडे जाईल असा. तो ऑनलाइनही भरता येतो. श्रावणात कानबाईच्या सणाला ते येतीलच. रोट खाऊन परत जायच्या आधी मोबाइल हातात घेऊन हे उरकून घ्या, ओटीपी त्यांच्याच नंबरवर लागेल. क्रमांक चुकू देऊ नका, नाहीतर सुरतचं राहील आणि गावचं जाईल. रेशन, घरकुल, सातबारा यांना सुरतचं नाव कापल्याने काही होत नाही, त्यांचे दप्तर वेगळे. आणि विधानसभा-लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी लूम मालकाने भरपगारी सुटी देणं कायद्याने बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 135 ब त्यासाठीच आहे.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र चूक यंत्रणेची दिसते. ऊसतोडीला पाच महिने बाहेर राहणं ही तात्पुरती अनुपस्थिती. दार बंद दिसलं एवढ्यावरून नाव कापता येत नाही. स्थलांतर झालं म्हणून वगळायचं तर आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. प्रत्यक्षात नोटीस कुलपाला लावली जाते आणि हंगाम संपेस्तोवर तिची मुदत संपलेली असते. आदेशाविरुद्ध पहिलं अपील 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचं असतं, पुढचं 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तुमची ती वेळ गेली.

तरी आधी खात्री करा, नाव खरंच गेलंय का. जुन्या कार्डांवर तिरप्या रेघांचा लांबलचक क्रमांक असे. तो टाकून काही सापडत नाही, म्हणून लोक नाव गेलं समजतात. नाव, वय, पतीचं नाव असं टाकून शोधा, किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बीएलओकडे छापील यादी असते ती बघा. बीएलओ बहुतेक गावात अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा कोतवाल असतात, केंद्राच्या भिंतीवर नाव-नंबर लावलेला असतो. नाव वगळलेलंच निघालं तर, आता कुठल्याच यादीत नाव नसल्याने, सासूबाईंचा नमुना 6 पुन्हा भरायचा. जन्मतारखेला आधार चालतं. त्यावर 1 जानेवारी छापलेलं असलं तरी चालतं, त्या पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी आहे. सही येत नसेल तर अंगठा. हा अर्ज ऑनलाइन न भरता बीएलओच्या हातात द्या आणि खालची पोच फाडून घ्या. आधी नाव होतं हे त्यांना माहीत असतं, पडताळणी लवकर होते. आणि पुढच्या दसऱ्या-दिवाळीला टोळी निघण्याआधी बीएलओला सांगून जा, की घर बंद राहणार आहे, पाडव्याला परतू. साधी गोष्ट आहे, पण कुलूप पाहून शेरा मारणारा माणूस तोच असतो.

दिराचं सगळ्यात सोपं. पूर्वी फक्त 1 जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत, वर्षभर थांबावं लागे. 2022 पासून वर्षात चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. 9 ऑगस्टवाल्याला 1 ऑक्टोबर लागू. सतरा पूर्ण असलेल्याला आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे तो आजच भरू शकतो. नमुना 6, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आणि आधार. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चेहरा समोरून, छापील फॉर्मला साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा. गॉगल किंवा फिल्टर लावलेला सेल्फी तिथे चालत नाही, हे त्याला सांगावं लागेल.

आता वेळेचं, कारण लोक इथेच फसतात. अर्ज आला की बीएलओ पडताळणी करतो, आलेल्या अर्जांची यादी लावून हरकतीसाठी सात दिवस ठेवतात, मग निर्णय होतो. आणि उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर कायद्यानेच यादीत नाव चढवता येत नाही. म्हणजे भोंगे फिरायला लागल्यावर जागा झालेल्याला उशीर झालेलाच असतो. ग्रामपंचायत, पालिका, जिल्हा परिषदेला तर आणखी आधी दार बंद होतं. या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं नोंदवत नाही. विधानसभेची यादी ज्या तारखेला जशी असेल तशी उचलतो आणि प्रभाग-वॉर्डात फोडतो. 2025 च्या शेवटी पालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्यानंतर नाव लागलेल्यांना कार्ड हातात असूनही मत देता आलं नाही. अशा वॉर्डनिहाय कच्च्या (प्रारूप) यादीवर हरकत घेता येते ती एवढ्याचीच, की विधानसभेच्या यादीत नाव आहे पण इथे सुटलं, किंवा दुसऱ्या वॉर्डात गेलं.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात तुमचा स्थलांतराचा नमुना 8 आणि दिराचा व सासूबाईंचा नमुना 6. कानबाईला मालकांचा नमुना 7. तुमचा नाव बदलाचा नमुना 8 पत्ता लागल्यावर. नवं कार्ड स्पीड पोस्टाने येतं, त्याला पैसे लागत नाहीत. खेड्यात टपाल ग्रामपंचायतीत किंवा दुकानात ठेवून जायची रीत असते, म्हणून पत्त्यात मोबाइल नंबर असू द्या आणि पोस्टमनलाही सांगून ठेवा. कार्ड यायच्या आधी निवडणूक आली तर आधार घेऊन जा, नाव यादीत लागलेलं असेल तर तेवढं पुरतं. जुन्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक मात्र धरून बसू नका. यादी नव्याने छापली की तो बदलतो, आणि कधी केंद्रही शाळेतून समाजमंदिरात गेलेलं असतं.